कार्व्हर-हॉकआय अरीना, आयोवा सिटी : वरच्या रांगेचं तिकीट काढा

दर हिवाळ्यात ओळखीपाळखीतलं कुणीतरी विचारतंच, "आयोवा सिटीला मुलींची बास्केटबॉल मॅच बघायला जाण्यात आता अर्थ आहे का? कॅटलिन क्लार्क तर कॉलेज संपवून गेली." आहे, नक्की आहे. क्लार्क म्हणजे अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाची विक्रमी गुण करणारी खेळाडू, आणि कार्व्हर-हॉकआय हे त्या संघाचं सभागृह. फक्त कुठे बसायचं, किती आधी पोचायचं आणि कशाकडे लक्ष ठेवायचं हे ठाऊक असलं, तर तिकिटाचे पैसे पुरेपूर वसूल होतात.

मी नागपूरची. शाळा-कॉलेजातल्या संध्याकाळी शिवाजीनगर जिमखान्याच्या कोर्टवर गेल्या, पुढे विद्यापीठाच्या संघात गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेणारी, म्हणून खेळले. नोकरीमुळे आम्ही सीडर रॅपिड्सला आलो आणि अमेरिकेतल्या मोठ्या कॉलेजांच्या बास्केटबॉलमधली सगळ्यात मोठी गुणांची कारकीर्द, क्लार्कची, आमच्या घरापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर घडली. जमेल तेव्हा जाऊन बघितली, जमलं नाही तेव्हा टीव्हीवर बघितली. दोन्हीत किती फरक पडतो हे मला पक्कं कळलंय, आणि मुख्यतः तेच सांगायचं आहे.

आधी जागेबद्दल. ३८० नंबरच्या हायवेनं आयोवा सिटीत शिरलात की विद्यापीठाचं भलंमोठं हॉस्पिटल, त्याला लागून किनिक फुटबॉल स्टेडियम आणि पलीकडे कार्व्हर-हॉकआय. बाहेरून इमारत बुटकी दिसते. पंधरा हजार माणसं इथे मावतात यावर विश्वास बसत नाही. दारातून आत गेलात की उलगडा होतो. तुम्ही सगळ्यात वरच्या रांगेच्याही वर उभे असता आणि कोर्ट खाली, खूप खाली असतं. १९८३ मध्ये उघडलेली ही वास्तू टेकडीच्या पोटात खोदून बांधली आहे, त्यामुळे आपल्याकडच्या बारवेसारखं सगळं खाली उतरत जातं. सगळ्या खुर्च्या एकाच उतारावर, मध्ये कुठेही मजल्याचा कठडा नाही. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही अख्खं कोर्ट एका नजरेत मिळतं.

सगळे सांगतात, शक्य तितकं खाली बसा. माझा सल्ला उलटा आहे. वर बसा, आणि जमलं तर कोपऱ्याकडे. खालून खेळाडूंचे चेहरे दिसतात, बुटांचा आवाज येतो, मुलांना ते आवडतं, ते ठीकच आहे. पण क्लार्कचा खेळ अंतराचा होता, आणि अंतर टीव्हीवर दिसत नाही. कॅमेरा बाजूनं, चेंडूच्या मागे मागे धावतो. ती कुठून टाकते एवढं कळतं. तिच्यामुळे बाकीच्या नऊ जणींचं काय होतंय, ते चौकटीच्या बाहेर राहतं.

१५ फेब्रुवारी २०२४, गुरुवारची रात्र, समोर मिशिगनचा संघ. एनसीएए, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची मुख्य संघटना, तिच्या महिलांच्या यादीतला केल्सी प्लमचा कारकिर्दीतल्या ३,५२७ गुणांचा विक्रम मोडायला क्लार्कला ८ गुण हवे होते. लोक निवांत होते, दुसऱ्या क्वार्टरपर्यंत होईल असा अंदाज होता. सामना सुरू झाला, तिनं एक ले-अप, म्हणजे बास्केटजवळ जाऊन अलगद टाकलेला चेंडू, मारला. मग डाव्या बाजूनं तीन गुणांचा फटका. आणि पुन्हा चेंडू घेऊन डावीकडूनच अर्ध्या रेषेपलीकडे आली. तीन गुणांची रेषा बास्केटपासून २२ फूट पावणेदोन इंच. ती त्या रेषेच्याही बरीच मागे, मधल्या बोधचिन्हाशेजारी होती. वरून मला तिच्या समोरची खेळाडू मागे सरकताना दिसली, म्हणजे अर्धंच पाऊल. एवढ्या लांबून कुणी टाकत नाही, हे शाळेपासून अंगात मुरलेलं असतं, ते शरीर आपोआप मागे जातं. त्या अर्ध्या पावलात चेंडू सुटला होता. सामन्याची जेमतेम सव्वादोन मिनिटं झाली होती.

चेंडू हवेत असताना खालच्या रांगा उठल्या. आमच्या रांगा जरा आधीच उठल्या होत्या, कारण वरून चेंडूची रेष सरळ दिसत होती.

त्या रात्री तिनं ४९ गुण केले, आयोवाच्या संघाचा एका सामन्यातला उच्चांक. मथळे सगळे त्याचेच. पण त्याच सामन्यात तिचे १३ असिस्ट, म्हणजे ज्यावर लगेच दुसरीनं गुण केले असे पास, आहेत आणि ते तितकेच महत्त्वाचे आहेत, असं मी ठामपणे म्हणेन. जी मुलगी तीस-पस्तीस फुटांवरून चेंडू घालू शकते, तिला अडवायला डिफेन्सला तिथवर यावं लागतं. एकजण आली की दुसरी मदतीला सरकते. बास्केटखालची जागा मोकळी होते. वरून हे लख्ख दिसतं: क्लार्क अर्धी रेषा ओलांडते आणि समोरच्या पाचही जणींची रचना तिच्याकडे कलते. पहिली काही वर्षं आत मोनिका झिनानो असायची. ती पाठीनं आपल्या डिफेंडरला दाबून धरायची आणि वळायच्या आत चेंडू तिच्या हातावर येऊन आदळायचा. पास सुटला तेव्हा ती मोकळी नव्हती, पोचेपर्यंत झालेली असायची. असे एकूण १,१४४ असिस्ट क्लार्कच्या नावावर आहेत.

याचा सगळ्यात चांगला दाखला मिशिगनच्या आठवडाभर आधीचा. ८ फेब्रुवारीला पेन स्टेटविरुद्ध आयोवाच्याच हॅना स्टुल्कीनं ४७ गुण केले. हॅना आमच्या सीडर रॅपिड्सची, त्यामुळे आमच्या गावात त्या रात्रीचं कौतुक जरा जास्तच आहे. विक्रम दारात उभा होता, टीव्हीवाले रोज आकडा मोजत होते, आणि क्लार्कनं त्या दिवशी स्वतः २७ करून १५ असिस्ट दिले. डिफेन्स तिच्यामागे लांब गेला, तिनं आत चेंडू दिला, पुन्हा तेच, पुन्हा तेच. तिच्या गुणांकडे बघताना हा सामना विसरला तर अर्धं चित्र हातातून जातं.

आता आकडे, कारण विचारणाऱ्यांना ते हवे असतात. १३९ सामने, ३,९५१ गुण, सरासरी २८.४. पहिल्या वर्षी ७९९, मग ८६३, मग १,०५५ आणि शेवटच्या वर्षी १,२३४. पहिलं वर्ष २०२०-२१ चं, करोनाचं. देशातली सगळ्यात जास्त सरासरी तिची होती आणि ती रिकाम्या खुर्च्यांसमोर खेळत होती. तीन गुणांची रेषाही २०२१-२२ पासून सुमारे दीड फूट मागे गेली. तिच्या खेळावर त्याचा ओरखडाही उठला नाही, कारण ती तशीही रेषेच्या कितीतरी मागून टाकत होती. प्लमही १३९ सामनेच खेळली होती, म्हणून ती तुलना सरळ होते. तेवढ्याच सामन्यांत ४२४ गुण जास्त.

बाकीच्या तुलना इतक्या सरळ नाहीत, आणि त्यांच्याबद्दल माझी मतं पक्की आहेत. ३ मार्च २०२४ ला ओहायो स्टेटविरुद्ध तिनं पीट मॅराविचचे ३,६६७ गुण मागे टाकले. पहिला अर्धा संपायला ०.३ सेकंद उरले होते, समोरच्या संघावर टेक्निकल फाउल, म्हणजे गैरवर्तनाचा दंड, लागला आणि क्लार्क फ्री थ्रोच्या, म्हणजे कुणी न अडवता टाकायच्या फटक्याच्या, रेषेवर एकटी उभी राहिली. पुरुष आणि महिला दोन्ही धरून एनसीएएच्या पहिल्या, म्हणजे मोठ्या कॉलेजांच्या, श्रेणीतला सर्वोच्च आकडा असा एका फ्री थ्रोनं आला. मॅराविचनं आपले गुण १९६७ ते ७० मध्ये लुइझियाना स्टेटकडून फक्त ८३ सामन्यांत केले. सरासरी ४४.२. तेव्हा पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघात खेळू देत नसत आणि तीन गुणांची रेषाच नव्हती. त्यामुळे सरासरीचा मान त्याचा, तो त्याच्याकडेच राहू द्यावा. एकूण गुणांचा मान क्लार्कचा. एकीला मोठं म्हणायला दुसऱ्याला खाली ओढावं लागत नाही.

मला जास्त जिव्हाळ्याचं नाव लिनेट वुडर्डचं वाटतं. कॅन्सस विद्यापीठ, १९७७ ते ८१, ३,६४९ गुण. एनसीएए तेव्हा महिलांच्या स्पर्धा घेतच नव्हती, त्या दुसऱ्या संघटनेकडे होत्या, म्हणून तिचा आकडा कित्येक वर्षं अधिकृत यादीच्या बाहेर पडून राहिला. बायकांसाठी लहान आकाराचा चेंडू नंतर आला. वुडर्ड पुरुषांच्या मापाच्या चेंडूनं खेळली आणि तिलाही तीन गुणांची रेषा नव्हती. क्लार्कनं तो विक्रम २८ फेब्रुवारीला मिनेसोटात मोडला, आणि मॅराविचचा विक्रम मोडला त्या सामन्याला वुडर्ड स्वतः कार्व्हरमध्ये हजर होती. पर्ल मूरचे ४,०६१ मात्र अजून कुठल्याही महिला खेळाडूनं गाठलेले नाहीत. ती छोट्या कॉलेजांच्या गटात खेळली, सत्तरच्या दशकात. कुणी "सर्वकालीन विक्रम" म्हणालं की मी ही दोन नावं घेतेच. आमच्या घरी मुलीला ती पाठ आहेत.

प्रेक्षकांबद्दल लिहिल्याशिवाय या जागेची ओळख पूर्ण होत नाही. इथे तुमच्या शेजारी साठी-सत्तरीच्या बायका बसलेल्या असतील, पिवळा स्वेटर, गळ्यात काळा मफलर, आणि त्या तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त बारकाईनं खेळ बघत असतात. याला इतिहास आहे. आयोवात शाळेतल्या मुली १९९३ पर्यंत सहाजणींचं बास्केटबॉल खेळत. तिघी फॉरवर्ड, म्हणजे फक्त गुण करणाऱ्या, तिघी गार्ड, म्हणजे फक्त अडवणाऱ्या. अर्धी रेषा कुणीच ओलांडायची नाही, दोनदाच ड्रिबल करायचं, म्हणजे चेंडूचे टप्पे दोनच. गावंच्या गावं राज्य स्पर्धेला राजधानी डे मॉइनला लोटत. १९६८ मध्ये डेनिस लाँग नावाची शाळकरी मुलगी एका सामन्यात १११ गुण करून गेली आणि पुढच्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या पुरुषांच्या व्यावसायिक संघानं ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीत, तिचं नाव घेतलं. म्हणजे मुलींनी ढिगानं गुण करणं ही या राज्याला नवलाची गोष्ट कधीच नव्हती.

एका सामन्याला माझ्या शेजारी अशाच एक आजी होत्या, शेतीच्या गावातल्या. मी गार्ड होते म्हटल्यावर त्यांनी माझा हात धरला. "मीही गार्ड. चार वर्षं शाळेकडून खेळले, पण एकदाही बास्केटवर चेंडू टाकला नाही. आम्हाला तिकडे जायचीच परवानगी नव्हती." आणि समोर क्लार्क, तीही गार्ड, एका टोकाला रिबाउंड, म्हणजे हुकून परत आलेला चेंडू, घेऊन दुसऱ्या टोकाला फास्ट ब्रेक, म्हणजे झपाट्याची चढाई, चालवत होती. आजी प्रत्येक वेळी ती अर्ध्या रेषेवरून गेली की गुडघ्यावर हलकेच थाप मारत होत्या. अशी माणसं शेजारी मिळतात, म्हणूनही मी वर बसा म्हणते. खालच्या महागड्या रांगांत ही मंडळी कमी.

आयोवाच्या आताच्या मुख्य प्रशिक्षक जॅन जेन्सन याच सहाजणींच्या खेळातून आल्या आहेत. शाळेच्या शेवटच्या वर्षी त्यांची सरासरी सामन्यामागे ६६ गुणांची होती. २०२४ च्या मे महिन्यात आधीच्या मुख्य प्रशिक्षक लिसा ब्लूडर निवृत्त झाल्या आणि इतकी वर्षं त्यांच्या सहायक असलेल्या जेन्सन यांच्याकडे संघ आला.

गर्दीचीही इथे जुनी सवय आहे. फेब्रुवारी १९८५ मध्ये तेव्हाच्या प्रशिक्षक व्हिव्हियन स्ट्रिंगर यांचा आयोवा संघ ओहायो स्टेटशी खेळला तेव्हा या इमारतीत २२,१५७ माणसं शिरली होती, क्षमतेपेक्षा हजारोंनी जास्त. क्लार्कच्या शेवटच्या हंगामात सगळी सीझन तिकिटं आधीच संपली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तर शेजारच्या किनिक स्टेडियममध्ये, उघड्यावर, एक मैत्रीपूर्ण सामना ठेवला, त्याला ५५,६४६ लोक आले.

व्यवहाराचं थोडक्यात. तिकीट विद्यापीठाच्या अधिकृत खिडकीवरून किंवा त्यांच्याच संकेतस्थळावरून काढा. पुनर्विक्रीच्या एका साइटवर आम्हाला दाखवलेली किंमत आणि शेवटच्या पानावरची किंमत यात इतका फरक निघाला की त्या पैशात आणखी एकजण आला असता. मोठ्या पर्स नेऊ नका, पारदर्शक पिशवी ठेवा. खायला पॉपकॉर्न, प्रेट्झेल, नाचोज मिळतात, पण संध्याकाळच्या सामन्याला जेवूनच निघालेलं बरं. सामन्याच्या तासभर आधी पोचा. मुलींचा सराव बघायला मिळतो, आणि माझ्या मते मुलांना दाखवण्यासारखं सगळ्यात मोलाचं तेच आहे. क्लार्कच्या काळात सरावालाच खालच्या कठड्याशी हातात पाट्या घेतलेल्या पोरी दाटीवाटीनं उभ्या असत. क्लार्क आधी बास्केटजवळून टाकायची, एका हातानं, मग एकेक पाऊल मागे. लांबचा फटका ती सरावाच्या अगदी शेवटी मारायची.

सगळ्यात अवघड आणि म्हणून माझा सगळ्यात आवडता सामना तिचा इथला शेवटचा. २५ मार्च २०२४, एनसीएए स्पर्धेची दुसरी फेरी, वेस्ट व्हर्जिनिया. माझी आई तेव्हा नागपूरहून आली होती, तिला घेऊन गेलो. वेस्ट व्हर्जिनियाच्या मुली कोर्टभर अंगावर येऊन खेळत होत्या, चेंडू धड पुढे नेऊ देत नव्हत्या. चौथ्या क्वार्टरमध्ये ५२-५२ अशी बरोबरी. आईला नियम फारसे माहीत नाहीत. ती एवढंच म्हणाली, "अगं, ह्या पोरीला मारतायत की अडवतायत?" आयोवा ६४-५४ नं जिंकलं, क्लार्कचे ३२. त्याच सामन्यात एका हंगामातल्या गुणांचा प्लमचा १,१०९ चा विक्रमही मागे पडला, आणि सभागृहात अनेकांच्या ते लक्षातही आलं नाही, कारण सामना हातातून जाईल की काय याच धास्तीत सगळे होते. लांबून चेंडू टाकायला वेळच मिळत नव्हता, म्हणून ती घुसत होती, फाउल घेत होती, फ्री थ्रोवर गुण जमवत होती. तिच्यावर फक्त लांबून टाकणारी असा शिक्का मारणाऱ्यांनी ही लढत बघावी.

पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. एलएसयूविरुद्ध (लुइझियाना स्टेट) ४१ गुण, युकॉनवर (कनेटिकट विद्यापीठ) दोन गुणांनी विजय, आणि अंतिम सामन्यात साउथ कॅरोलायनाकडून ८७-७५ अशी हार. सलग दोन वर्षं अंतिम फेरी, दोन्ही वेळा उपविजेतेपद. राष्ट्रीय विजेतेपद नाही म्हणून कारकीर्द उणी, असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. २०२३ च्या उपांत्य फेरीत तोवर एकही सामना न हरलेल्या साउथ कॅरोलायनाला तिनं ४१ गुण करून घरी पाठवलं होतं. आपल्या राज्याच्या विद्यापीठातून एवढं करणं मला जास्त भावतं. ती डे मॉइनची, बाहेर जायला मोकळी होती.

मग आता का जायचं? २ फेब्रुवारी २०२५ ला तिचा २२ नंबर निवृत्त केला, म्हणजे तो आता दुसऱ्या कुणाला मिळणार नाही, मिशेल एडवर्ड्सचा ३० आणि मेगन गुस्ताफसनचा १० यांच्या जोडीला तो छताखाली लागला. गुस्ताफसनचे २,८०४ गुण हा क्लार्कच्या आधीचा आयोवाचा विक्रम, हे तिथे बसून मुलांना सांगता येतं. पण तेवढ्यासाठी जाऊ नका. क्लार्कमुळे जे लोक यायला लागले त्यांतले पुष्कळजण टिकले आहेत, आणि हे प्रेक्षक समोरच्या संघाच्या चांगल्या बास्केटलाही दाद देतात. हिवाळ्याच्या ऐन मध्यात, बाहेर बर्फ असताना, इतका जिवंत खेळ इतक्या जवळ दुसरीकडे मला तरी माहीत नाही.

वयस्कर माणसं बरोबर असतील तर एक ध्यानात ठेवा: जाताना उतरायचं असतं आणि परतताना तेवढंच चढायचं, तेही सगळी गर्दी एकदम वर निघालेली असताना. वरच्या रांगेचं तिकीट असेल तर दोन-चार पायऱ्यांतच तुम्ही दाराशी. आमच्या आईला म्हणूनच ती जागा सगळ्यात सोयीची वाटली.